डावा हात खिशात

या, असे जवळ सरका. अहो थांबा! दोन्ही हात एकदम लावायचे नाहीत त्या पेटीला. आलं की थेट हात घालायचा, ही कुठली रीत? डावा हात आधी मागे घ्या. खिसा असेल तर खिशात घाला. हां. आता उजव्या हाताने बघा काय बघायचं ते.

रागावू नका. हे बोलणं माझं नव्हेच. ज्यांचं आहे त्यांना जुन्या पनवेलात सगळे चाचा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. वयाने माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठे. बाजाराच्या रस्त्याला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन कपाटांमधली फट. त्या फटीत खाकी डगला घातलेला एक वाळका, उंच माणूस स्टुलावर बसलेला असायचा. सगळं काम उजव्या हाताने चाललेलं आणि डावा हात डगल्याच्या खिशात. पाहावं तेव्हा खिशात.

तुम्हीच सांगा, तुम्हाला शंका आली नसती?

बरं, त्यांना स्वतःला तर सगळ्याचीच शंका. गिऱ्हाईक म्हणालं, "चाचा, रेडिओ बंद पडलाय," की हे म्हणणार, "बघूया. मला अजून यकीन नाही." नवाकोरा सेल दिला तरी मीटर लावून बघायचे. भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं, तरी आज तारीख किती ते शेजारच्या पानवाल्याला विचारायचे. आणि त्याने सांगितली की पुन्हा कॅलेंडर बघायचे.

आता माझी गोष्ट. नव्वदच्या आसपास आम्ही नवीन पनवेलला राहायला आलो. मी घरी ब्लाउज शिवायची. धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर होता. त्याने कुठल्याशा बंदरातून मला एक माउथ ऑर्गन आणि चार कॅसेट आणून दिल्या. म्हणाला, "ताई, हे ब्लूज. अमेरिकेतल्या काळ्या कष्टकरी लोकांचं गाणं. यात सूर श्वासाने ओढून वाकवायचा असतो." मला कोणी शिकवलं नाही. कापड न लावता नुसतं मशीन पायाने चालवायचं, त्याचा ताल धरायचा, आणि रडताना आपण हुंदका गिळतो तसा सूर गिळायचा. असं करत करत आलं. ब्लाउज जरा उशिरा व्हायचे, ते सोडा.

पुढच्या खेपेला भावाने ही पेटी आणली. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, तेव्हाही जुनाच. जहाजावरच्या करमणुकीच्या खोलीतून काढून टाकलेला. आत काचेचे दिवे, ते तापले की आवाज सुरू होतो. सोबत मुठीएवढा लोखंडी माइक. माउथ ऑर्गन आणि माइक दोन्ही हातांत गच्च धरून वाजवायचं. मग आवाज गोड राहत नाही. जाडा होतो, थोडा फाटतो, तंबाखू खाणाऱ्या म्हाताऱ्या आत्यासारखा. मला तो इतका आवडला म्हणून सांगू!

पण आमच्याकडे दोन पावसाळे काढले आणि पेटी नुसती घूं घूं करायला लागली. भाऊ दिवाळीला सुट्टीवर येणार होता. त्याने एवढ्या लांबून आणलेल्या वस्तूची ही दशा त्याला दाखवायची? मी ती रिक्षात घातली आणि चाचांकडे नेली.

नेण्याआधी मात्र एक शहाणपणा केला. मेकॅनिक चांगला माल काढून घेतो आणि जुना घालतो, याची तेव्हा घरोघरी खात्री होती. म्हणून पेटीतल्या पाचही दिव्यांना मी लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका लावला.

चाचांनी पेटी उघडली. ठिपके बघितले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "शादी आहे काय यांची?"

मी रस्त्याकडे बघत राहिले.

पंधरा दिवसांनी गेले तर पेटी बोलायला लागलेली. चाचांनी माइकवर टिचकी मारली, टक्कन आवाज आला. म्हटलं, "मग द्या की."

"नाही."

"का? वाजतेय ना?"

"वाजते, मान्य. चावणार नाही, शॉक देणार नाही, याचं मला अजून यकीन नाही."

भावाला नाही चावली ती कधी, मलाच बरी चावेल! दसरा झाला. मी दर आठवड्याला खेप घालत होते आणि दर आठवड्याला तेच उत्तर. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, असले परदेशी दिवे मुंबईत शोधत फिरतात लोक. त्याने एव्हाना बदलले असणार. तुमच्या समोर एक हात खिशात ठेवून बसतो म्हणता ना? काय ठेवतो त्यात?" झालं. माझ्या डोक्यात तेच फिरायला लागलं.

पुढच्या खेपेला मी थेट पेटीत डोकावले. चार दिव्यांना ठिपके होते. पाचव्या, सगळ्यात मोठ्या दिव्याला नव्हता. आणि चाचांचा डावा हात खिशात.

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. मला भान राहिलं नाही. म्हटलं, "चाचा, खिसा दाखवा."

त्यांनी उजव्या हातातली पक्कड खाली ठेवली. मग सावकाश हात बाहेर काढला आणि खिसा उलटा केला. खिशाला तळच नव्हता. शिवण उसवलेली, अस्तराची चिंधी लोंबत होती.

"यात माझा हात राहतो, ताई. दुसरं काही राहत नाही."

गिऱ्हाइकांपैकी एकाने टेबलावरचा आपला रेडिओ उचलला, "उद्या येतो," म्हणाला आणि निघून गेला. चाचांनी त्याच्याकडे बघितलं नाही. मोठा दिवा काढला आणि काच नखाने खरवडली. तपकिरी खपली निघाली. माझा ठिपका! तो दिवा एवढा तापतो की नेलपॉलिश जळून गेलं होतं.

मग दिवा परत बसवून त्यांनी पेटी चालू केली, डावा हात त्या फाटक्या खिशात घातला आणि उजव्या हाताने माइकला टेस्टर लावला. टेस्टरमधला लाल दिवा अगदी बारीक लागला.

"आतल्या ट्रान्सफॉर्मरने दमट हवा प्यायलीय. दोनदा बाहेर काढून बल्बच्या उबेला ठेवला, कोंबडीच्या पिल्लासारखा. तरी चावतोय. आणि तुम्ही याला दोन हातांनी धरणार. वर तोंड लावणार."

मी हळूच विचारलं, "म्हणून हात खिशात?"

"एक हात आत असला की करंटला छातीतून जायला वाट नाही." टेस्टर खाली ठेवत म्हणाले, "माझे उस्ताद दोन्ही हातांनी काम करायचे."

"मग?"

"मग हे दुकान मला मिळालं."

चाचांनी पक्कड घेतली आणि पेटीच्या वायरचा प्लग कापून टाकला. "घेऊन जा. ज्याच्यावर यकीन असेल त्याला द्या. त्याने नवा प्लग लावण्याआधी नीट तपासलं पाहिजे, म्हणून हा ठेवून घेतो."

मी म्हटलं, "तुमचा डगला द्या." त्यांना वाटलं, आता डगल्याचीही झडती. काढून दिला बिचाऱ्यांनी. मी पेटी तिथेच टाकली आणि डगला घेऊन घरी आले.

दुहेरी मांजरपाटाचा खिसा शिवला. दोनदा टीप मारली. दुसऱ्या दिवशी आधी पानवाल्याच्या दुकानाशी उभी राहिले आणि मोठ्याने सांगितलं, काल मी चाचांवर घेतलेला आळ खोटा होता. पानवाला हसला. म्हणाला, "ताई, चोरी करायलासुद्धा भरवसा लागतो. या माणसाचा कॅलेंडरवर नाही!" पण तो रेडिओ घेऊन गेलेला माणूस परत आला की नाही, मला कळलं नाही. ते अजून टोचतं.

चाचांनी खिसा आतून बघितला, बाहेरून बघितला. पकडीत धरून ओढला. "बघूया. मला अजून यकीन नाही." पण हात आत गेला. आणि पेटी त्यांनी परत पुढ्यात ओढली.

दिवाळीला चार दिवस उरले असताना निरोप आला. नवी जाड वायर, तीन पिनांचा प्लग, ओल शिरू नये म्हणून वार्निश पाजलेला ट्रान्सफॉर्मर. टेस्टर मुळीच लागला नाही. तरी मला म्हणाले, "आधी एका हाताने. दुसरा खिशात." साडीला कुठला खिसा? मग म्हणाले, "कमरेला खोचा."

मग दोन्ही हातांनी माइक धरून मी वाजवलं. भर बाजारात, माणसं वळून बघत होती. मी वाजवत होते तोवर चाचांचा उजवा हात बटणावर होता. एक पळभरही काढला नाही.

संपल्यावर त्यांच्या कपाळाला आठी. "आवाज फाटतोय. फॉल्ट राहिला. ठेवून जा."

"नाही हो चाचा, तो असाच हवा."

"फाटलेला हवा?"

"हो."

"मला यकीन नाही," म्हणाले, आणि पेटी रिक्षापर्यंत स्वतः आणून दिली.

भाऊ आला, त्याने ऐकलं. म्हणाला, "ताई, चुकतेस भरपूर. पण आवाज खरा आहे."

पाच-सहा वर्षांनी एकदा एसटी स्टँडवर उरणच्या गाडीत चाचा खिडकीशी दिसले. दुकान दुसऱ्याला देऊन टाकलं, म्हणाले. करंजाला मुलीकडे राहायला निघाले होते. अंगात तोच डगला. समोर ना रेडिओ, ना वायर, तरी डावा हात खिशात.

मी खालून विचारलं, "टिकला का हो खिसा?"

त्यांनी आतल्या आत हाताने चाचपून बघितलं. "बघूया, ताई. मला अजून यकीन नाही."

गाडी सुटली. उजवा हात त्यांनी हलवला. डावा काही बाहेर आला नाही. त्यानंतर चाचा मला दिसले नाहीत, आणि ही पेटीही मला आजवर एकदाही चावली नाही.

तुम्ही मात्र नुसती बघितलीत, ऐकलीत कुठे? पुढच्या रविवारी सकाळी या, दिवे तापवून ठेवते. लवकर या हं, माझा श्वास काही दिवसेंदिवस वाढत नाहीये. आणि येताना खिसा असलेलं काहीतरी घाला. नसलाच तर मशीन आहे, तुम्ही चहा पिईपर्यंत शिवून देईन.