आठ किलो चारशे

आमच्या धाकट्या दिरांना घरात सगळे ग्रॅमराव म्हणतात आणि त्यांना त्याचा अभिमान वाटतो, यातच काय ते समजा. पोटापाण्यासाठी ते वजनकाटे तपासतात. कंपनीच्या गाडीत वीस-वीस किलोची लोखंडी वजनं भरायची, या कारखान्यातून त्या गोदामात फिरायचं, ती वजनं काट्यावर चढवायची, उतरवायची आणि काटा बरोबर असला की त्यावर शिक्का मारायचा. दिवसाकाठी एखादं हत्तीचं पिल्लू उचलून ठेवत असतील. आणि घरी आले की सायकलचं नवं हँडल जुन्यापेक्षा नव्वद ग्रॅमनं जड आहे, या विचारानं यांना जेवण गोड लागत नाही.

सायकल शर्यतीची. वय त्रेचाळीस. पहिलं येण्याचा त्यांचा विचार नाही, तेवढी अक्कल शाबूत आहे. वर्षातून एकदा होणारी एकशेवीस किलोमीटरची हौशी लोकांची शर्यत त्यांना फक्त पुरी करायची आहे, तीही पाच तासांत. सगळ्यांच्या मागून एक टेम्पो येतो आणि जे वेळेत बसत नाहीत त्यांना सायकलीसकट उचलून घेतो. त्याला झाडूगाडी म्हणतात. आमचे ग्रॅमराव लागोपाठ तीन वर्षं झाडूगाडीतून परत आले. तिसऱ्या वर्षी तर ड्रायव्हरनं त्यांना नावानं हाक मारली आणि पुढची जागा दिली.

त्या दिवशी माझी जाऊ शांतपणे म्हणाली, "पुढच्या वर्षी झाडूगाडीनं उचललं, की सायकल विकायची."

"विकू," ते म्हणाले. शब्द दिला म्हणजे दिला, या बाबतीत माणूस काट्यासारखा आहे.

मग वर्षभर तयारी. भात वजन करून ताटात. टूथब्रशची दांडी अर्धी कापलेली. का, तर प्रवासाची बॅग हलकी. बॅग जाते त्याच गाडीत अर्धा टन लोखंड असतं, हे मी एकदा बोलून दाखवलं.

"सवय लागते, वहिनी," ते म्हणाले.

महिन्यातले पंधरा दिवस फिरती. सायकल लोखंडी वजनांवर जुन्या रजईत गुंडाळून निजवलेली. पहाटे लॉजमधून निघून ऐंशी किलोमीटर मारायचे आणि मग कामावर. पाऊस असला तर सायकलचं मागचं चाक स्टँडमध्ये अडकवून खोलीतच पायडल मारायचे. एकदा खालच्या खोलीतल्या पाहुण्यानं मॅनेजरला विचारलं होतं, वर पिठाची गिरणी आहे का.

अशाच एका फिरतीवर, शर्यतीच्या पंधरवडाभर आधी, ते रद्दीच्या गोदामात काटा तपासायला गेले. पहाटे ऐंशी किलोमीटर झालेले, मांड्यांत गोळे, डोळ्यांवर झापड. मोठा काटा तपासताना वजन मधोमध ठेवून भागत नाही, चारही कोपऱ्यांवर ठेवून बघायचं असतं. एखादा कोपरा गुपचूप लबाडी करत असतो. हे नवशिक्यांना शिकवतात तेच. त्या दिवशी त्यांनी मधोमध वजन ठेवलं, आकडा बरोबर आला, शिक्का मारला. आणि मग, प्रत्येक ठिकाणी करतात तसं, आपली सायकल काट्यावर ठेवली. दाराकडच्या कोपऱ्यावर.

सात किलो नऊशे.

घरी फोन आला तेव्हा मला वाटलं बढती मिळाली. "वहिनी, नव्या चाकांनी सातशे ग्रॅम उतरले." चाकं घेताना दुकानदारानं दोनशे ग्रॅम सांगितले होते, हे त्यांनीच आम्हाला दहा वेळा ऐकवलेलं. दुसऱ्याच्या काट्यावर काडीचा विश्वास न ठेवणारा माणूस, पण आकडा मनासारखा आला म्हटल्यावर लग्गेच विश्वास बसला. घरी येताना सगळ्यांना आईस्क्रीम आणलं. स्वतः वजन करून चमचाभर खाल्लं.

पुढचे दिवस ऑफिसातल्या कागदांत गेले, काटा एकही नाही. शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, साबणाच्या कारखान्यातला काटा त्यांनी नीट, चारी कोपरे बघून तपासला. मग सायकल ठेवली. आठ किलो चारशे. उचलून परत ठेवली. आठ किलो चारशे.

संध्याकाळी घरी आले ते बूटही न काढता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर येऊन बसले. मी आणि जाऊ भाजी निवडत होतो.

"काय झालं?" जावेनं विचारलं.

"सायकल अर्धा किलो जड निघाली."

"बरं. आणि तुझं तोंड कशानं एवढं उतरलंय?"

मग सगळं सांगितलं. त्या गोदामात रविवारी बाया गावभर फिरून गोळा केलेली रद्दी विकायला आणतात. गठ्ठा दारातूनच टाकायचा, म्हणजे तो पडतो त्याच कोपऱ्यावर. आठ किलोला अर्धा किलो खातोय, तर पंचवीस किलोच्या गठ्ठ्याला किती खात असेल. दोन रविवार होऊन गेले होते. वर यांचा शिक्का.

"फोन कर ना त्यांना," जाऊ म्हणाली.

फोन केला. गोदामवाला गोड बोलला. "साहेब, तुमचाच शिक्का आहे की. शिक्का आहे म्हणजे काटा बरोबर." त्याला कशाला घाई असेल? ऑफिसातल्या साहेबांना लावला, तर ते म्हणाले, "सोमवारी जा. एवढे दिवस कुणाला कळलं का? उद्या तर तुझी शर्यत आहे ना, ऑल द बेस्ट."

त्यांनी फोन ओट्यावर ठेवला.

"शर्यत किती वाजता सुरू?" जावेनं विचारलं.

"सहाला."

"आणि बाया?"

"आठपासून येतात. दीडशे किलोमीटर आहे इथून."

जाऊ भाजी निवडत राहिली. जा म्हणाली नाही, जाऊ नको म्हणाली नाही. वर्षभराचा मोजलेला भात, ती कापलेली दांडी, लॉजमधली गिरणी, सगळं त्या ओट्यावर येऊन बसलं होतं. शेवटी ते उठले, बाहेर गाडीपाशी गेले आणि आतल्या सायकलच्या हँडलवर बांधलेला शर्यतीचा नंबर सोडू लागले. गाठ सुटेना, तेव्हा जावेनं कात्री नेऊन दिली.

"मी पण येते," ती म्हणाली. "उद्याचा दिवस मी तुझ्यासाठी उन्हात उभं राहायला मोकळाच ठेवला होता."

पुढचं तिनं मला सांगितलं. साडेसातला ते दारात हजर. गोदामवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. यांनी स्वतःचाच शिक्का फोडला, वजनं उतरवली, चारी कोपरे बघितले, दाराकडचा दुरुस्त केला. तोवर बाहेर बायांची रांग लागलेली.

एक म्हातारी पुढे येऊन म्हणाली, "मी तेव्हाच म्हणत होते, गठ्ठा हलका भरतोय. तर हा म्हणतो, आजी, तुमचेच हात म्हातारे झाले. शिक्का कुणी मारला होता?"

"मीच," ग्रॅमराव म्हणाले.

म्हातारीनं त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. अंगात सायकलवाल्यांची घट्ट चड्डी होती. घाईत तीच हाताला लागली होती. "दिसतंच आहे," म्हातारी म्हणाली.

मागच्या दोन रविवारच्या पावत्यांची तूट भरून देतो, असं गोदामवाल्याकडून लिहून घेऊनच दोघं निघाले. लिहून घेतलं जावेनं. यांना ते सुचलं नसतं.

दुपारी दोघं परतली तेव्हा मी दारातच होते. शर्यत केव्हाच आटपली होती.

"झाडूगाडीनं उचलायचा प्रश्नच आला नाही," गाडीतून सायकल काढत ते हळूच म्हणाले. बोलणं माझ्याशी, पण ऐकवायचं जावेला.

"सुरूच केली नाहीस, तर उचलणार कसं," जाऊ म्हणाली.

"म्हणजे विकायची का?"

"यंदाचं वर्ष धरत नाही. पण काटा तपासायचा असेल त्या पहाटे सायकल बंद."

"त्या पहाटे म्हणजे महिन्यातले पंधरा दिवस."

"मग पंधरा दिवस बंद. पुढच्या वर्षी ड्रायव्हरला म्हणावं, पुढची जागा ठेव."

तिनं सायकल त्यांच्या हातून घेतली आणि एका हातानं उचलून भिंतीच्या खुंटीला अडकवली. "हलकी आहे रे तशी," ती म्हणाली.

"नाही," ग्रॅमराव म्हणाले. "आठ चारशे."