पंपांचा खण

तिला घरात आणि खेळायच्या हॉलवर सगळे शिट्टी म्हणायचे. लहानपणी झोपेत तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजायची, त्यावरून तिच्या दादाने ठेवलेलं नाव. दमा गेला नाही, नावही गेलं नाही. आता ती सव्वीस वर्षांची होती, एका चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासायची, आणि कुणी नाव विचारलं की स्वतःच शिट्टी सांगून मोकळी व्हायची.

काम तसं तिला सोयीचं. काच चाकावर धरली की वरून पाण्याची बारीक धार चालू असते, त्यामुळे भुकटी उडत नाही, चिखल होऊन खाली बसते. मालकाने तिला दोनदा पुढे काउंटरवर बोलावलं. ही गेली नाही. पुढे गिऱ्हाइकं अत्तरात न्हाऊन येतात, आणि अत्तर म्हणजे तिच्या छातीचा दुश्मन नंबर एक. नंबर दोन ओल आलेली भिंत. नंबर तीन मांजर. त्यात मांजरं तिला जीव की प्राण, म्हणजे बघा!

आठवड्यातून तीन संध्याकाळी मात्र ती कुणाची नव्हती. कॉलनीच्या हॉलमध्ये टेबल टेनिसचं एक जुनं टेबल होतं, तिथे ती असायची. आधी दम्याच्या पंपाचे दोन झटके, मग पंधरा मिनिटं हॉलला सावकाश फेऱ्या, मग खेळ. लांबलेली रॅली तिला परवडत नसे, म्हणून तिने सर्व्हिसवर अशी मेहनत घेतली होती की चेंडू कुठे वळेल हे समोरच्याला टप्पा पडल्यावरच कळावं. तीन फटक्यांत निकाल लावायचा, हा तिचा खाक्या.

तिचं दुखणं दमा नव्हतं हो. दम्याची तिला सवय होती. तिचं दुखणं वेगळंच. तिला धाप लागलेली दिसली की समोरचा खेळाडू चेंडू अलगद, मधोमध, अगदी ताटात वाढल्यासारखा टाकायचा. असा पॉइंट मिळाला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा तरी कुणीतरी आपल्याला खरंखुरं, जीव तोडून हरवायला यावं आणि आपण त्याला पुरून उरावं, एवढीच तिची इच्छा होती. आणि यंदा हॉलच्या स्पर्धेत तिने थेट फायनल गाठली होती. समोर कॉलनीचा पोस्टमन. पायांत बळ, मनगटात बळ, आणि स्वभावाने नको इतका चांगला.

घरातली माणसं तिघं. आई, कुरिअरची व्हॅन चालवणारा दादा आणि आत्या. आई आणि दादा तिच्या काळजीने अर्धे झालेले. आत्याचा सूर निराळा. "काही झालेलं नाही तिला. तुम्हीच डोक्यावर चढवून ठेवलंय," हे ती दिवसातून एकदा म्हणाली नाही तर तिला जेवण पचत नसे. शिट्टीने मात्र तिघांनाही सरसकट तंबी दिली होती: माझा पंप मी सांभाळीन, पंप घेऊन कुणी माझ्यामागे फिरलं तर मी घर सोडून जाईन. तेव्हापासून सगळे गप्प.

पंप ठेवायचा एक खण होता, कपाटातला सगळ्यात वरचा. भरलेले उजवीकडे, रिकामे डावीकडे. रिकामे औषधाच्या दुकानात परत द्यायचे असं ती सहा वर्षं म्हणत होती, आणि सहा वर्षांत एकदाही गेली नव्हती. नव्या पंपाचं खोकंही ती घरी येताच फाडून फेकायची. त्यामुळे खणात सगळे सारखे, निळे, उघडे. उजवं-डावं हे फक्त तिच्या डोक्यात.

फायनलच्या दिवशी ती कामावर गेली आणि आईने घर पुसायला काढलं. लेकीची आज मॅच, धुळीचा कण राहायला नको, म्हणून माउलीने ओल्या फडक्याने पंखे पुसले, कपाट पुसलं, खणसुद्धा पुसला. सगळे पंप बाहेर काढले, पुसले आणि छान एका रांगेत लावून ठेवले. शिट्टी संध्याकाळी घाईघाईत आली, उजवीकडचा शेवटचा पंप उचलला, पिशवीत टाकला आणि पळाली. खेळाआधीचे दोन झटके तिने निघतानाच, कामावरच्या जुन्या पंपातून घेतले होते, तोही तिथेच संपला होता. त्यामुळे या नव्याला तिने हलवूनही बघितलं नाही.

हॉल गच्च भरला होता. फायनल म्हणून तिथल्या शिपायानेही हौसेने दुप्पट फिनाइल ओतून फरशी चकचकीत केली होती. दारातच तिच्या नाकात वास शिरला. तिने खिडक्या उघडायला लावल्या. म्हटलं, बघू.

चार गेम झाले, दोन-दोन. पाचव्यात सात-सात झाले तेव्हा छातीतली शिट्टी पहिल्या बाकापर्यंत ऐकू येत होती. पोस्टमनने ते ऐकलं, आणि पुढचा चेंडू अलगद मधोमध टाकला.

तिने तो मारलाच नाही. हाताने पकडला आणि परत त्याच्याकडे फेकला. "नीट... खेळ," एवढंच कसंबसं बोलली आणि टेबलाला धरून खाली बसली.

पंचांनी घड्याळ बघितलं. "दहा मिनिटं. त्यात उभी राहिली नाही तर सामना यांचा."

"राहू द्या हो," पोस्टमन कळवळून म्हणाला. "कप दोघांचा म्हणा."

शिट्टीने जोरात मान हलवली. पिशवीतून पंप काढला, दाबला. नुसतं फुस्स. हलवला, परत दाबला. फुस्स. तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

तेवढ्यात बाकांवरून दादा धावत आला. त्याने शर्टाच्या खिशातून पंप काढला. "ओरडू नकोस. दोन वर्षं जवळ ठेवतोय. खणातून घेतला होता." फुस्स. त्याच्या मागून आई आली, पर्स उलटीपालटी करत. "माझ्याकडे आहे, माझ्याकडे आहे. मीपण खणातूनच..." तोही फुस्स. दोन वर्षं दोघंही एकमेकांना पत्ता लागू न देता रिकामे डबे उराशी बाळगून फिरत होते, आणि आता एकमेकांची तोंडं बघत उभे होते. आईला रडू फुटलं. दादा व्हॅनची किल्ली शोधायला लागला.

"सरका!" आत्याचा आवाज आला.

गुडघे धरत, बाकांना शिव्या देत आत्या पुढे आली. कमरेच्या पिशवीतून रुमाल काढला, रुमालाच्या घडीतून पंप काढला, हलवून कानाशी धरला आणि शिट्टीच्या तोंडाला लावला. "दाबते. ओढ. हळू. आता धरून ठेव." पंप भरलेला होता. थोड्या वेळाने परत एकदा. मग परत.

"तू कुठून घेतलास?" आईने डोळे पुसत विचारलं.

"दुकानातून. त्या खणात सगळी अडगळ असते, हे कळायला डोळे लागतात. वर्ष झालं की नवा आणते." आत्याने आईकडे न बघताच सांगितलं. "आणि रडायला काय झालं? काही झालेलं नाही तिला."

शिट्टी तिच्याकडे बघत राहिली. बोलायला श्वास पुरत नव्हता, ते बरंच झालं. बोलली असती तर तीही रडली असती.

नवव्या मिनिटाला ती उभी राहिली. पोस्टमन चेंडू हातात घेऊन चुळबुळत होता. त्याचं सगळं मन चेहऱ्यावर दिसत होतं. ते आत्यालाही दिसलं.

"ए पोस्टमन!" ती पहिल्या बाकावरून गरजली. "आता एक जरी चेंडू हळू टाकलास ना, तर आमचं टपाल आणायला तुला तोंड दाखवू देणार नाही. मार!"

हॉल हसला. पोस्टमनही हसला, आणि मग त्याने खरंच मारलं. असे फटके तिने त्याच्या हातून कधी पाहिले नव्हते. तिनेही सर्व्हिसने त्याला दोनदा तोंडघशी पाडलं. नऊ-नऊ. दहा-नऊ, त्याचे. शेवटचा फटका टेबलाच्या कोपऱ्यावरून असा सणसणत गेला की तिची बॅट हवेतच राहिली.

ती हरली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला मनापासून हरवलं होतं, आणि पोस्टमनचा हात हातात घेऊन ती वेड्यासारखी हसत होती.

घरी आल्यावर तिने आधी खण उपसला. रिकामे एकोणीस निघाले. त्यांत आईचा आणि दादाचाही टाकला, आणि पिशवी दाराशी ठेवली. भरलेला एकुलता एक सापडला, तो रांगेत बरोबर मधोमध होता. तिने त्यावर नेलपॉलिशने लाल ठिपका दिला आणि तो सगळ्यांना दाखवला.

आत्या गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. तिने मान वर न करता हात पुढे केला. "आण इकडे."

"काय?"

"माझा पंप. तुझ्याच पिशवीत राहिलाय."

शिट्टीने तो काढला. हलवून कानाशी धरला. अजून बराच होता. मग तिने आत्याचा रुमाल घेतला, पंप पहिल्यासारखा घडीत गुंडाळला, आणि आत्याच्या कमरेच्या पिशवीत आपल्या हाताने ठेवून दिला.