बर्फातल्या वाटेविषयी एक चिठ्ठी

भोपाळ आणि पंचक्रोशीतील समस्त मराठीजनांस कळवण्यास अत्यंत अभिमान वाटतो की, उत्तर ध्रुवाभोवतीचा बर्फ वितळू लागला असून आमच्या मंडळाने त्याची गंभीर दखल घेतली आहे.

ही घोषणा मी स्वतः केली, गेल्या हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी. मंडळाचा सूत्रसंचालक मीच. माइक दिसला की माझा आवाज आपोआप खर्जात जातो. घरच्यांनी आता तक्रार सोडून दिली आहे. सभागृह गच्च भरलं होतं. विषय ध्रुवीय सागरी मार्ग आणि नंतर साबुदाणावडे, त्यामुळे कशासाठी भरलं होतं ते मी सांगत नाही.

व्याख्याते दिल्लीहून आलेले, मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. बोलायचे सुंदर. बर्फ हटतोय, वाट मोकळी होतेय, आशियातून युरोपात माल कितीतरी आधी पोहोचेल, आणि आपला देश तिथून कितीही लांब असला तरी आपण आत्ताच पाय रोवला पाहिजे. बर्फ वितळतोय याला ते ‘संधी’ म्हणत होते, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू?

आता आमची चिठ्ठ्यांची पद्धत सांगायला हवी. आमच्याकडे श्रोत्यांना उभं राहून प्रश्न विचारता येत नाही. चिठ्ठी लिहायची, ती अध्यक्ष वाचणार आणि पसंत पडली तरच माझ्या हातात देणार. वैयक्तिक प्रश्न बाद. हा नियम साकेत नगरातल्या एका डॉक्टरांच्या व्याख्यानानंतर आला. तिथे कुणीतरी स्वतःच्या गुडघ्याबद्दल विचारलं आणि पुढचा तासभर सभागृहात गुडघ्यांशिवाय काही उरलं नाही.

त्या दिवशी तिसऱ्या रांगेत अयोध्या नगरातल्या आमच्या शेजारच्या वहिनी होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा परदेशी कंपनीच्या मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये आहे. त्याला येत्या उन्हाळ्यात याच मार्गावर पाठवायचं ठरत होतं. पगार दीडपट, आणि करारावर सही त्याच रात्रीपर्यंत करायची. वहिनी घाबरताहेत म्हटल्यावर तो म्हणाला होता, आई, तू उगाच घाबरतेस. कुणा जाणकाराला विचार, तो जे म्हणेल ते मी ऐकेन. आणि जाणकार आपणहून भोपाळला चालून आला. वहिनींनी सकाळी नऊपासून जागा धरली होती.

त्यांची चिठ्ठी मी ओळखली. प्रश्न एका ओळीचा: इंजिन बंद पडून जहाज बर्फात अडकलं, तर माणसांना आणायला कोण येतं आणि किती दिवसांत?

अध्यक्षांनी ती वाचली, माझ्या कानाशी “पर्सनल” म्हणाले आणि पाण्याच्या ग्लासाखाली ठेवली. दुसऱ्या चिठ्ठ्या मात्र थाटात वाचल्या गेल्या. आपण तिथे तळ कधी उभारणार? चीनच्या आधी पोहोचू का? हा दुसरा प्रश्न ज्यांचा, ते गृहस्थ गर्दीला घाबरून महाराणा प्रताप नगरात स्कूटर नेत नाहीत. ध्रुवावर पाय रोवायला तयार, कारण पाय दुसऱ्याच्या पोराचे.

वहिनींनी दुसरी चिठ्ठी पाठवली, तोच प्रश्न. तीही ग्लासाखाली. मग तिसरी. तोवर मी गप्प होतो, आणि त्या गप्प बसण्याचा राग मला आजही अध्यक्षांवरच्या रागाइतकाच येतो. तिसऱ्या वेळी मी ग्लास उचलला, पाणी पिऊन टाकलं आणि ओली चिठ्ठी माइकवर खणखणीत वाचली. अध्यक्षांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वड्यांचं पातेलंच उलथवलं होतं.

व्याख्याते हसले. म्हणाले, प्रश्न फार भावनिक आहे, आपण व्यापक चित्र पाहू या.

वहिनी उभ्या राहिल्या. “भावनिक नाही साहेब. कोण येतं आणि किती दिवसांत, एवढंच विचारलंय.”

“ताई, ते हवामानावर असतं,” ते म्हणाले. मग ती जबाबदारी किनारा ज्यांचा त्या देशांवर गेली, मग जहाजाच्या कंपनीवर, मग विमावाल्यांवर. वहिनींनी सरळ विचारलं, मदतीचं जहाज कुठे उभं असतं तेवढं त्या पडद्यावरच्या नकाशावर दाखवा. त्यांनी लाल दिव्याची कांडी उचलली. लाल ठिपका नकाशावरच्या त्या पांढऱ्या पसाऱ्यात डावीकडे गेला, उजवीकडे गेला, वर गेला, पण कुठेच टेकला नाही. साऱ्या सभागृहाने तो पाहिला. एकाही टाळीखोराला वाटलं नाही की हे काय चाललंय म्हणून विचारावं. संताप संताप झाला माझा. तासभर या माणसाला त्या समुद्रातला प्रत्येक टन माल पाठ होता, आणि त्यात माणसंही असतात हेच त्याच्या नकाशात नव्हतं.

अखेर ठिपका विझला. अध्यक्षांनी घाईघाईने आभार मानायला घेतले.

वहिनी बसल्या नव्हत्या. त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला, मुलाला निरोप रेकॉर्ड करायला तोंडाजवळ धरला, आणि आभाराच्या मधोमध, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“अरे, सही करू नको. यांनापण माहीत नाही.”