सूतभरांचं आठवं कलम

पंपाच्या कारखान्यात लेथवर चौतीस वर्षं उभ्या असलेल्या त्या गृहस्थांना सगळे 'सूतभर' म्हणत. नवा टर्नर लेथवर कातलेला शाफ्ट दाखवायला आला की हे अंगठ्याचं नख त्यावरून फिरवायचे आणि म्हणायचे, "सूतभर जास्त आहे." खरं तर सुताच्या शंभराव्या हिश्श्याइतकंच जास्त असायचं, पण असायचं हे नक्की.

शाळा नववीत सुटली ती सुटलीच. मामानं आपल्या वर्कशॉपमध्ये लेथपाशी उभं केलं आणि म्हणाला, "बघ." तेवढंच शिक्षण. शिक्का मारलेली कागदपत्रं घरात दोनच होती. एक लग्नाचं, दुसरं कुत्र्याला लस टोचल्याचं.

छप्पन्नाव्या वर्षी हात शाबूत होते, गुडघे मात्र कुरकुरायला लागले. त्याच सुमारास कारखान्यानं प्रशिक्षण विभाग काढायचं ठरवलं आणि मॅनेजरनं शिक्षकाची जागा सूतभरांना देऊ केली. बसून काम, फार तर फळ्यापर्यंत चालायचं. फक्त एक मेख होती. टर्नरच्या कामाचं सगळ्या देशासाठी एकच मानक तयार होत होतं, आणि त्याची परीक्षा पास झालेल्यालाच शिकवता येणार होतं. मानक लिहिणाऱ्या समितीला कारखान्यातली माणसं हवी होती. मॅनेजरला बैठकांचा कंटाळा, म्हणून त्यानं सूतभरांनाच धाडून दिलं.

समितीच्या प्रमुख एक सरकारी अधिकारी बाई होत्या. शिवाय एका तंत्रशाळेचे प्राचार्य, आणि बेअरिंगच्या कारखान्याचा भरती अधिकारी. मसुद्याचं पहिलंच वाक्य होतं, 'टर्नरला लेथची सखोल माहिती असावी.'

"माहिती मला विमानाचीही आहे, बाई," सूतभर म्हणाले. "उडवायला द्याल का?"

प्राचार्यांनी चष्मा पुसायला घेतला. बाईंनी विचारलं, "मग काय लिहायचं?"

"त्याला काय करता आलं पाहिजे, ते लिहा."

बाईंनी ते वाक्य खोडलं. त्या दिवसापासून प्रत्येक ओळीला त्या सूतभरांकडे बघायला लागल्या, आणि सूतभरही जरा ताठ बसायला लागले. चार महिन्यांत अकरा बैठका झाल्या. भरती अधिकाऱ्याची टेप एकच. "आम्हाला माणसं तीन महिन्यांत हवीत. तोवर मशीन काय शोभेला ठेवायची?"

"तीन महिन्यांत माणसाला कॅन्टीनचा रस्ता तेवढा पाठ होतो," सूतभर म्हणायचे.

आठवं कलम तर त्यांनी हट्टानंच घातलं. प्रत्येक काप घेतल्यावर मायक्रोमीटरनं माप घ्यायचं, तक्त्यात लिहायचं, मगच पुढचा काप. एक चूक माफ, दोनदा राहिलं तर नापास, मग शाफ्ट कितीही देखणा होवो. भरती अधिकारी म्हणाला, फार कडक होतंय. सूतभर म्हणाले, "आमच्याकडे भंगारात जे जातं ना, त्यातलं निम्मं 'अंदाजे' या शब्दानं जातं." कलम राहिलं.

मानक जाहीर करण्याआधी ते कामावरच्या बारा टर्नरांवर तपासून बघायचं ठरलं; त्यात जो पास होईल तो पासच धरायचा. सूतभरांनी आपलं नाव स्वतःहून दिलं. परीक्षा म्हणजे घरचंच कार्य, अशा थाटात ते गेले. परीक्षक ट्रॅक्टरचे भाग बनवणाऱ्या कारखान्यातली टर्नर होती, तिशीची. ती त्यांना ओळखत नव्हती.

सूतभरांनी शीळ घालत चाळीस मिनिटांत शाफ्ट काढून दिला. तिनं तो पाच जागी मोजला.

"काका, एकदम बरोबर आहे. असं काम बघायला मिळत नाही." मग तिनं तक्ता उचलला. सात कापांचे सात रकाने, सातही कोरे. "मापं कुठे आहेत?"

सूतभरांनी अंगठा दाखवला.

"नापास," ती म्हणाली.

"हे कलम कुणी लिहिलंय, ठाऊक आहे का तुला?"

"नाही. पण ज्यानं लिहिलं त्याला काम कळतं."

सूतभर घरी आले. बायको शिवणकाम करायची. मशीनवरून मान वर न करता तिनं सगळं ऐकून घेतलं.

"शाफ्ट बरोबर होता की नाही?" सूतभर म्हणाले. "मग मोजायचं कशाला?"

"तीस वर्षं तुमचे शर्ट शिवतेय, तरी दरवेळी टेप का लावते?" ती म्हणाली. "तुमचं पोट मला कळवून वाढत नाही. हात धुवा, जेवायला वाढते."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं बोलावून घेतलं. "समितीत तुम्हीच आहात ना? सोमवारी शेवटची बैठक. अनुभवी कामगारांना आठवं कलम लागू नाही, एवढी ओळ घालून घ्या. एक तारखेला बॅच सुरू होतेय. नाहीतर ती चष्म्याला द्यावी लागेल, तो पास झालाय."

चष्म्या म्हणजे सूतभरांच्याच हाताखाली तयार झालेला टर्नर. हे जास्त लागलं. ती ओळ कागदावर लिहून, खिशात घालूनच ते सोमवारी बैठकीला गेले.

कागद काढायची वेळच आली नाही. भरती अधिकाऱ्यानंच हसत हसत सुचवलं, "वीस वर्षांच्या वर अनुभव असेल त्यांना सूट द्यावी. आपल्या काकांसारख्या माणसांचा मान राहील."

एरवी याला कामगारांच्या मानाचं कधी सोयरसुतक नव्हतं. सूतभरांनी विचारलं, "तुमच्याकडे वीस वर्षांवरची माणसं किती?"

"निम्मी तरी असतील."

"आणि नवे कुणाचं बघून शिकतात?"

"त्यांचंच की."

"मग मोजणार कोण?"

भरती अधिकारी फाइल चाळायला लागला. बाई म्हणाल्या, "तुमचं मत सांगा. तुमचा शाफ्ट तर बरोबर होता."

"तो बरोबर आहे हे मला नखानं कळलं. बाकीच्यांना त्या परीक्षक बाईनं मोजलं तेव्हा कळलं. राहू दे कलम."

"अहो, जागा जाईल तुमची," प्राचार्य हळूच म्हणाले.

"जाईल."

आणि गेलीच. एक तारखेला चष्म्या शिकवायला लागला. फेरपरीक्षा तीन महिन्यांनी होती, तोवर सूतभर गुडघ्याला पट्टा बांधून लेथवर उभे राहिले. शीळ बंद झाली. काप झाला की मोजायचं, लिहायचं. पण चौतीस वर्षांची खोड, अंगठा आपोआप पुढे व्हायचा. शेवटी त्यांनी अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळली.

"काय हो, बोटाला लागलं का?" शेजारच्या मशीनवरच्यानं विचारलं.

"त्याला रजेवर पाठवलंय."

फेरपरीक्षेला तीच परीक्षक होती. या वेळी एक तास दहा मिनिटं लागली. शाफ्ट बरोबर होता. तिनं तक्त्यावरून बोट फिरवलं आणि चौथ्या रकान्यावर थांबली.

"काका, एक रकाना कोरा आहे."

"एकाला माफी आहे. कलम वाच."

तिनं कलम काढलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि सही केली.

दुसरी बॅच सूतभरांना मिळाली. ते वर्गात गेले तेव्हा फळ्यावर चष्म्यानं काढलेली लेथची आकृती तशीच होती. पुसायला त्यांनी डस्टर उचलला, जवळ जाऊन आकृती नीट पाहिली आणि डस्टर खाली ठेवला. बरी होती.