साठ मीटरवरची बाग

आमच्या साडूंना उंची सांगून आजवर कुणी सुखानं घरी गेलेलं नाही. "कुठून मोजली?" या एका प्रश्नानं त्यांनी सारं गणगोत हैराण केलं आहे. पुतणीसाठी सौंसरला स्थळ पाहायला गेलो, मुलाच्या बापानं मोठ्या तोऱ्यात पाच फूट नऊ इंच सांगितलं, तर यांनी बशी खाली ठेवून विचारलं, "बुटासकट का जी?" स्थळ तिथंच मोडलं. मी कपाळाला हात लावला, आणि हे दुसरा कप मागत होते.

हा रोग ड्रोन घेतल्यापासूनचा. पांढुर्ण्यात आमच्या गच्चीवरून उडवून त्यांनी तो गल्लीत नेला, तर मोबाईलवर उंची उणे सात! बायको ओरडली, "अवं माय, जमिनीत शिरलं का ते?" मग आमची शाळा भरली. "हे हवेचा दाब मोजते. वर जावं तशी हवा पातळ होते, त्याच्यावरून उंची काढते. पण शून्य कुठचं? जिथून उडलं तिथचं! खाली खड्डा हाय का टेकडी, त्या आकड्याले का मालूम?" हे मी आता झोपेतही म्हणून दाखवीन.

मोहगावजवळ त्यांची संत्र्याची बाग आहे, चढावर. वर टेकडी, खाली नाला. पोरगा पुण्यात. "बाग चांगली असली तर नोकरी सोडून येतो," असं तो बोलून गेला, आणि इकडे बागेला डिंक्यानं धरलं. बुंध्यातून डिंक गळतो, शेंडे वाळतात, झाड उभ्याउभ्या मरतं. औषधं झाली, नवस झाले. शेवटी साडूंनी शोध लावला की टेकडीवरून उडवून आकडा साठ मीटरवर नेला की बाग हिरवी दिसते. टेकडीच मुळात उंच, त्यावर साठ. तेवढ्या वरून गवत आणि उरलीसुरली पानं एक होतात. दर रविवारी ते टेकडी चढत आणि तो व्हिडिओ पोराला पाठवत.

"भाऊजी, हे खोटं नाही का?"

"आकडा खोटा हाय का?"



दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी सोबत होतो. "गुडघा दुखून राहिला, आज इथूनच," म्हणत त्यांनी नाल्याकाठून ड्रोन उडवला. आकडा साठच, पण शून्य आज नाल्यात. ड्रोन बागेच्या डोक्यावर जेमतेम वीस-पंचवीस मीटर होता. मोबाईलवर एकेक वाळकी फांदी दिसू लागली. मी तोंड उघडलं, पण यांना शिकवणार कोण? तेवढ्यात व्हिडिओ गेलासुद्धा.

थोड्या वेळानं फोन वाजला. "बाबा, झाडं मेली ना?"

"हाव रे."

साडूंनी एकदा बागेकडे पाहिलं.

"नको येऊ," साडू म्हणाले, आणि फोन खिशात ठेवला.

मी हळूच म्हटलं, "भाऊजी, शून्य विसरलात ना?"

"मी विसरन का, भाऊ? टेकडी चढूचढू लेकराले फसवून राहिलो होतो. गुडघ्याले काही झालं नाही माह्या."

परतताना ते माझ्यापुढं ताडताड चालत होते.

परवा मी मुद्दाम सांगितलं, आमच्या मोहल्ल्यातली नवी टाकी चाळीस फूट उंच आहे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. "असंल," ते म्हणाले. त्यांनी कुठून मोजली ते विचारलं असतं, तर किती बरं वाटलं असतं.