मॅडमसाठी गेलेला फोन

शरीररचनाशास्त्र मला थोडंफार कळायला लागलं ते मॅडममुळे. बारामतीत मेडिकलला आले तेव्हा आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. भराभर बोललेलं इंग्रजी डोक्यावरून जायचं. तास संपल्यावर मॅडम आम्हा मराठी शाळेतल्या मुलांना डिसेक्शन हॉलमध्ये थांबवून घ्यायच्या आणि तेच पुन्हा मराठीत समजावायच्या. त्या स्वतःही नव्याच, कंत्राटावर. त्यांच्याबरोबर लागलेल्या सरांना संशोधनासाठी मोकळा वेळ मिळायचा. मॅडमकडे मात्र मुलींचं हॉस्टेल, परीक्षांचं काम, कॉलेजच्या सरकारी तपासणीची तयारी, सगळंच. "बायका नीटनेटकं करतात," असं विभागप्रमुख म्हणायचे.

एका संध्याकाळी शिकवता शिकवता त्या थांबल्या. "पुढच्या महिन्यात कंत्राट संपतंय. असंच चालणार असेल तर मी नाही गं राहणार."

रविवारी गावी, वरकुट्याला गेले तेव्हा मी हे आबांना, माझ्या वडिलांना, बोलले. नुसतं बोलले.

"त्यात काय एवढं? साखर कारखान्याच्या संचालकांस्नी सांगतो. त्यांचा एक फोन गेला की झालं काम."

"आबा, नको. तिथं असं चालत नाही."

"कुठं चालत न्हाय? पाण्याची पाळी असू दे न्हायतर ऊसतोड, फोनबिगर काय हललंय का आजवर? डाक्टर हुशील, पर येव्हार न्हाय शिकलीस."

आई हसली. मला वाटलं, हसण्यावारी जाईल.

फोन गेला. दोन दिवसांनी विभागप्रमुखांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. बाहेर आल्या तेव्हा मी दाराशीच उभी होते.

"माझं काम कमी करा म्हणून डीनना कुणीतरी फोन केलाय. सर म्हणतात, राजकारण करायचं तर दुसरीकडे जा. मी कुणाला सांगितलंच नाही गं."

"माझ्या आबांनी..." एवढंच तोंडातून निघालं.

त्यांनी केबिनचं दार पुन्हा उघडलं. मग म्हणाल्या, "चल आत."

प्रॅक्टिकलचे मार्क ज्यांच्या हातात, त्या विभागप्रमुख सरांसमोर मी उभी होते. मॅडमना यातलं काही माहीत नव्हतं, असं मी म्हणाले. आवाज इतका बारीक झाला की सरांनी पुन्हा विचारलं.

"मग वडिलांना सांगितलं कुणी?"

"मी, सर. मॅडम जातील म्हणून भीती वाटली."

तेव्हा मॅडम बोलल्या. "फोन करणं चुकलंच सर. पण काम जास्त आहे हे खरंय. परीक्षांचं तरी सगळ्यांत वाटून द्या."

"बघू," सर म्हणाले. आमच्याकडे न बघता.

परीक्षांचं काम आता वाटलं गेलंय. मॅडमच्या कंत्राटाच्या मुदतवाढीचं मात्र कुणी काही बोलत नाही. नाही मिळाली तर ती त्या फोनमुळेच का, हे मला कोण सांगणार? मॅडम अजून संध्याकाळी थांबतात, शिकवतात. त्यांना त्याबद्दल काही विचारायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. विचारलं तर त्या खरं तेच सांगतील, याचीच भीती वाटते.