टीअर, डिअर आणि आमची तांबडी

किस्से गोवऱ्यांसारखे असतात. रोज एकेक थापत गेलं तर काही वाटत नाही; मग एक दिवस बघावं तर भिंतीएवढी रास! आमची रास साठली कंधारच्या स्टँडसमोर, रहीमभाईंच्या चहाच्या हॉटेलात. बसणारे तिघंच. स्वतः रहीमभाई, रिटायर झालेले गुरुजी, अन् मी.

रविवारी दुपारी आम्ही हॉटेलात बसलेलो असतानाच माझी नात वैष्णवी जर्मनीहून व्हिडिओवर फोन करते, अन् तिघंही ऐकतो. तिकडं ती दवाखान्यात नर्स आहे. भाषा शिकली लातूरच्या क्लासात. जाताना तिनं तांबडीच्या गळ्यात हात टाकला अन् मला म्हणाली, "आबा, मी येईस्तोवर हिला कुठं धाडू नका." तांबडी म्हणजे आमची लाल कंधारी गाय. गोठ्यात आता ती एकटीच. मी "हाव" म्हणालो. त्या एका "हाव"वर माझं सगळं चाललंय.

*

पोरगी नवीनच गेली होती. संध्याकाळी दवाखान्याच्या बागेत तिथलीच एक सोबतीण ओरडली, "टीअर! टीअर!" टीअर म्हणजे जनावर, हे क्लासात शिकवलेलं. आपल्याकडं तिन्हीसांजेला कुणी "जनावर" म्हटलं तर काय समजायचं? साप! पोरगी टुणकन बाकड्यावर चढली अन् सोबतिणीलाही वर ओढलं. बघते तर काय, मुठीएवढं काटेरी पिल्लू, साळिंदरासारखं, पाल्यातून दुडुदुडु चाललेलं!

"मग उतरलीस का न्हाई?" रहीमभाईंनी विचारलं.

"मी उतरले, काका. सोबतीणच उतरंना! आता तिला बी साप दिसून राहिला!"

*

खोली बघायला गेली तेव्हाचं हे. मालकीणबाई वयस्कर, एकट्या. त्यांनी विचारलं, "घरचं जनावर आहे का काही?" तिकडं कुत्रं-मांजर असेल तर आधी सांगावं लागतं. वैष्णवीनं सरळ सांगितलं, "हो. एक गाय."

बाईंनी विचारलं, "केवढी?"

पोरीनं छातीपाशी हात धरून दाखवला.

"झोपणार कुठं?"

"कंधारला. आमच्या आबांजवळ."

बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीला धरावं लागलं. म्हणाल्या, "मांजरीची मी कुणालाच परवानगी देत नाही. पण गायीची दिली!"

तेव्हापासून जिन्यात भेटल्या की आधी तांबडीची खुशाली, मग पोरीची.

*

गुरुजींना शब्दांचा नाद. एकदा फोन स्वतःकडं ओढून म्हणाले, "टीअर म्हणजे नुसती गुरं का ग?"

"न्हाई गुरुजी, समदंच. बैल, वाघ, माशी बी." तिच्या दवाखान्यात हॉलंडची एक मुलगी आहे, ती म्हणते डीर. स्वीडनची आहे, ती म्हणते यूर. भाषा वेगळ्या, पण एकाच घरच्या बहिणी.

"अन् इंग्रजांचा डिअर?"

"तो बी त्याच घरचा. पूर्वी सगळ्या जनावरांना चालायचा. आता नुसता हरणाचा राहिला."

गुरुजी खूश! "अगं, आपल्या मृगाचंही तेच! आधी रानातलं कुठलंही जनावर म्हणजे मृग. म्हणून तर सिंहाला मृगेंद्र म्हणतात. पुढं शब्द हरणापाशी येऊन थांबला."

रहीमभाई कप विसळता विसळता म्हणाले, "म्हंजे इंग्रजाचा गोठा बी रिकामा झाला म्हणा की! एकच उरलं."

दोघं हसले. मीही हसलो. घरी आलो तर दावणीला खुंटे पहिल्यासारखेच सगळे, दावं मात्र एकाच खुंट्याला.

*

पुढच्या रविवारी गुरुजींचं पुन्हा सुरू. "हा टीअर आला कुठून, ते विचार."

तिनं विचारून सांगितलं, "श्वास घेतं ते टीअर, असं जाणकार म्हणतात. पण छातीठोक कुणी सांगत न्हाई."

"त्याच्यासाठी जर्मनीला कामून जायचं?" रहीमभाई उसळले. "जान हाय ते जानवर! आमच्या घरात लेकरं बी सांगतील!"

त्या संध्याकाळी मी तांबडीच्या नाकापुढं हात धरला. ऊन ऊन श्वास. थंडीत वैष्णवी अशीच हात धरून बसायची. म्हणायची, "आबा, हीटर!"

मी बराच वेळ हात तसाच ठेवला.

*

वैष्णवीचा बाप, माझा गोविंद, लातूरला डाळमिलमध्ये आहे. माझे गुडघे गेले, म्हणून तो मला लातूरला न्यायच्या मागे. त्याचंही खोटं नव्हतं. "आबा, दोन खोल्यांत तुम्ही मावाल, गाय न्हाई मावायची." हदगावचा एक चांगला शेतकरी गाय सांभाळायला तयार होता. "वैष्णवीला आत्ताच सांगू नका," गोविंद म्हणाला.

रविवारी तो टेम्पो घेऊन आला. मी हॉटेलात गेलोच नाही. मग रहीमभाई अन् गुरुजीच तांबडीला निरोप द्यायला घरी आले. टेम्पोचं फळकूट खाली पडलं, गोविंदनं दावं सोडलं, अन् माझा फोन वाजला.

मी तो उचललाच नाही. रहीमभाईंनी फोन घेतला. नुसता टेम्पोकडं फिरवला.

पडद्यावर वैष्णवी, अन् शेजारी मालकीणबाई. आज आम्हाला गाय दाखवायला सांगायची, म्हणून त्या मुद्दाम येऊन बसल्या होत्या. पोरीनं टेम्पो बघितला, बापाच्या हातातलं दावं बघितलं. बाईंनी तिला काहीतरी विचारलं, तिनं हळूच सांगितलं. मग बाई एकदम पुढं सरकल्या अन् गोविंदला त्यांच्या भाषेत खडसावू लागल्या!

वैष्णवी डोळे पुसत म्हणाली, "पप्पा, बाई विचारून राहिल्यात, माझ्या घरातलं जनावर मला न विचारता कुठं चाललंय?"

टेम्पोवाला घाबरला. "ह्या कोण म्हणायच्या?"

"घरमालकीण," गुरुजी म्हणाले.

"कुणाची?"

"गायीची!" रहीमभाई म्हणाले.

गोविंद फोनजवळ गेला. मिलच्या ड्यूटीत त्याला पोरीचा फोन क्वचितच सापडतो. त्यानं फोन हातात घेतला. मग म्हणाला, "जेवलीस का?"

"न्हाई, पप्पा."

त्यानं दावं परत खुंट्याला बांधलं. अंगातला शर्ट काढून भिंतीवर अडकवला. म्हणाला, "आबा, वैरणीचा विळा कुठं हाय?"